आंब्याची कोय काढल्यानंतर कुत्र्याचं खाणं: पहिले चौदा दिवस

एप्रिल ते जूनच्या दरम्यान कुत्र्यांच्या डॉक्टरांकडे एक केस हमखास येते: कोय गिळलेली. चाटता चाटता अख्खी कोय घशाखाली जाते, जठरात ती विरघळत नाही, कधी कधी तिथेच कित्येक दिवस पडून राहते आणि मग लहान आतड्यात उतरून बुचासारखी बसते. पावसाळा लागला की कोयीच्या जागी मक्याचं चावलेलं कणीस येतं, एवढाच फरक. ऑपरेशनने ती वस्तू निघते, पण आतडं सांधायला पुढचे दहा-चौदा दिवस जातात, आणि त्या काळात घरात जो गोंधळ होतो तो बहुतेक वेळा खाण्यावरूनच. एकजण म्हणतो पाच दिवस काही देऊ नका, दुसरा म्हणतो बिचारा उपाशी आहे, दूध-पोळी तरी घाला. दोन्ही चूक. लवकर सुरू करायचं, थोडं थोडं द्यायचं आणि प्रत्येक वेळी तोलून द्यायचं.

घरी आणण्याआधी विचारायचे तीन प्रश्न

चीर नेमकी कुठे घेतली? जठर उघडून कोय काढली असेल तर काम सोपं. जठराला रक्तपुरवठा भरपूर, ते पटकन भरतं. लहान आतडं उघडलं असेल तर जपावं लागतं. आतडं काळं पडलं म्हणून तुकडा कापून दोन टोकं जोडली असतील तर सगळ्यात जास्त जपावं लागतं, आणि शौच पातळ होण्याचे दिवसही लांबतात.

दवाखान्यात शेवटचं काय, किती आणि किती वाजता दिलं, आणि ते पोटात राहिलं का? घरचं वेळापत्रक तिथून पुढे मोजायचं, पहिल्यापासून नाही.

आजचं वजन किती आणि रक्तातलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) किती? अल्ब्युमिन २.५ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर आतड्याचा जोड गळण्याचा धोका वाढतो. अशा कुत्र्याचा आहार खाली दिलेल्या हिशोबावर न सोडता डॉक्टरांकडूनच आखून घ्या.

उपाशी का ठेवायचं नाही

लहान आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशींना त्यांचं बरंचसं पोषण रक्तातून नव्हे, तर समोरून जाणाऱ्या अन्नातून मिळतं. आतडं रिकामं राहिलं की अस्तर पातळ होतं, हालचाल मंदावते आणि जोड भरायलाही उशीर लागतो. म्हणून जुनी दोन-तीन दिवस उपास घालण्याची पद्धत आता मागे पडली आहे. कुत्रा पूर्ण शुद्धीवर आला, उलटी नाही आणि डॉक्टरांनी मनाई केलेली नाही, तर साधारण पहिल्या २४ तासांतच खाणं सुरू करतात.

मात्र अडकलेली कोय लक्षात येईपर्यंत तीन-चार दिवस उलट्यांत गेलेले असतात. इतक्या उपासानंतर एकदम पोटभर घातलं तर रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फेट झपाट्याने खाली येतं. अशक्तपणा, थरथर, वाईट वेळी हृदयाच्या ठोक्यांत गडबड. त्यामुळे सुरुवात लवकर करायची, पण चढायचं पायरीपायरीने.

किती द्यायचं

स्वस्थ पडून राहिलेल्या कुत्र्याला दिवसाला किती उष्मांक लागतात याचं सूत्र साध्या कॅल्क्युलेटरवर बसतं. किलोमधलं वजन तीनदा गुणा (वजन × वजन × वजन), वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा, येईल त्याला ७० ने गुणा. ५ किलोला सुमारे २३५ किलोकॅलरी, १० किलोला ३९५, २० किलोला ६६०, ३० किलोला ९००. वजन तिप्पट झालं म्हणून खाणं तिप्पट होत नाही, हे या आकड्यांवरून दिसेलच. पूर्वी या आकड्याला आजारपणासाठी दीडपट-दुप्पट करायची पद्धत होती. आता तसं करत नाहीत. जास्तीचं अन्न उलटी आणि जुलाबातूनच बाहेर येतं.

तीस किलोच्या लॅब्रॅडॉरसाठी पूर्ण दिवसाचा घाणा असा:

- बिनहाडाचं, कातडी काढलेलं कच्चं चिकन ब्रेस्ट ३५० ग्रॅम
- तांदूळ १२५ ग्रॅम
- लाल भोपळा, साल आणि बिया काढून, १०० ग्रॅम

यातून ९०० च्या आसपास किलोकॅलरी मिळतात, आणि चरबी जेमतेम १० ग्रॅम. वीस किलोच्या कुत्र्याला चिकन २६० ग्रॅम, तांदूळ ९० ग्रॅम, भोपळा ७५ ग्रॅम. दहा किलोच्या पॉमेरियन-मिश्र किंवा लहान चणीच्या गावठी कुत्र्याला १५० ग्रॅम, ५५ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. मापं कच्च्या मालाची घेतली आहेत, कारण गुरगुट्या भातात पाणी किती राहिलं यावर शिजलेल्याचं वजन रोज बदलतं. वाटीवर विसंबू नका. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा नसेल तर या पंधरवड्यासाठी आणा.

शिजवायचं कसं

तांदूळ धुऊन सहापट पाण्यात कुकरला लावा, चार-पाच शिट्ट्या. भात घोटल्यावर लापशीसारखा पडला पाहिजे. शीत वेगळं दिसता कामा नये. भोपळा त्याच कुकरमध्ये दुसऱ्या भांड्यात. चिकन वेगळं उकडा, बुडेल इतकंच पाणी, तीन शिट्ट्या. मीठ नाही, हळद नाही, आलं-लसूण तर नाहीच. चिकनचं पाणी फेकू नका: गार करून तासभर फ्रीजमध्ये ठेवलं की वर चरबीचा पातळ थर धरतो, तो चमच्याने काढून टाका आणि खालचं पाणी कालवायला वापरा. पहिले पाच दिवस चिकन मिक्सरच्या छोट्या भांड्यात थांबून थांबून फिरवून बारीक करा. हाताने सोडवलेल्या लांब रेषा आधाशी कुत्रा न चावता गिळतो आणि तशाच ओकतो.

सगळं एकत्र कालवून तोला. तीस किलोच्या घाण्याचं वजन एक किलोच्या थोडं वरखाली भरतं. तो आकडा कागदावर लिहा, कारण पुढचे भाग त्यावरूनच पाडायचे आहेत. गार झालं की लगेच डब्यात भरून फ्रीजमध्ये. तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. मे महिन्यात वाडग्यात उरलेलं तासाभरातच टाकून द्यायचं.

देताना कोमट करा, मनगटावर ठेवल्यावर ना गार ना गरम लागेल इतपत. फ्रीजमधल्या गार अन्नाला वास नसतो, आणि भुलीतून नुकता उठलेला कुत्रा आधी वासानेच खातो. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं तर ढवळूनच द्या. मधला गोळा तोंड भाजेल इतका तापलेला राहतो.

पहिले तीन दिवस

दिवस ऑपरेशनपासून मोजा. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी कुत्र्याला रात्री ठेवून घ्यायची सोय नसते, त्यामुळे पहिली रात्र घरीच काढावी लागते. डुलक्या खात असलेल्या, मान न धरणाऱ्या कुत्र्यापुढे पाणीसुद्धा ठेवू नका. गिळण्याची क्रिया पूर्ण जागी नसेल तर पाणी किंवा ओकारी फुफ्फुसात जाते आणि न्यूमोनिया होतो. स्वतःच्या पायावर उभा राहिला, हाक मारल्यावर नीट बघायला लागला की किलोला २ मिलिलिटर या हिशोबाने पाणी: तीस किलोला ६० मिलिलिटर, म्हणजे साधारण पाव पेला. तासा-दीड तासाने पुन्हा. तीनदा दिलेलं पाणी टिकलं की पहिला घास.

पहिल्या दिवशी घाण्याचा एक तृतीयांश, सहा वेळांत विभागून. घाणा १०५० ग्रॅमचा असेल तर ३५० ग्रॅम दिवसभरात, प्रत्येक वेळी ६० ग्रॅमच्या आतबाहेर. लॅब्रॅडॉरपुढे एवढंसं ठेवताना हात जड होतो. तरी तेवढंच. दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, म्हणजे ७०० ग्रॅम, पुन्हा सहा वेळा. तिसऱ्या दिवशी पूर्ण घाणा, पाच वेळा, दर वेळी २१० ग्रॅम. सहा खेपांसाठी सकाळी सहा, साडेनऊ, एक, साडेचार, आठ आणि झोपण्यापूर्वी अकरा ही वेळ नोकरदार घरातही जमते, जर दुपारच्या दोन खेपा कोणी घेतल्या तर.

कोय पहिल्याच दिवशी सापडली, उपास घडलाच नाही आणि फक्त जठर उघडलं असेल, तर डॉक्टरांना विचारून दुसऱ्याच दिवशी पूर्ण प्रमाणावर जाता येतं.

खाल्लेलं एकदा ओकलं तर घाबरू नका. पुढची खेप चुकवा, चार तास थांबा आणि अर्ध्या मापाने पुन्हा सुरू करा. चोवीस तासांत दुसऱ्यांदा ओकला तर फोन करायचा.

पाण्याचा दिवसाचा हिशोब किलोला ५० ते ६० मिलिलिटर. यात अन्नातलं पाणीही धरतात, त्यामुळे गुरगुट्या भातावर असलेला कुत्रा वाडग्यातलं कमी प्यायला तर ते साहजिक आहे. पहिल्या दिवसानंतर पाणी समोर राहू द्या, पण मोठं घंगाळ भरून नको. गटागटा ढोसून ओकणं हा तहानलेल्या कुत्र्याचा ठरलेला प्रकार आहे.

तिसरा ते पाचवा दिवस

हे तीन दिवस सगळ्यात फसवे. आतड्याच्या जखमेत सुरुवातीला जुनं कोलाजेन, म्हणजे जखम धरून ठेवणारं प्रथिन, विरघळत असतं आणि नवं अजून पुरेसं तयार झालेलं नसतं. जोड निव्वळ टाक्यांच्या जोरावर उभा असतो. नेमक्या याच वेळी कुत्रा शेपूट हलवायला लागतो, दुखणं कमी होतं, आणि घरच्यांना वाटतं आता हवं ते खाऊ दे. खाण्याचं माप, पोत आणि वेळा पाचव्या दिवसापर्यंत अजिबात बदलू नका. गळती झाली तर ती बहुधा याच काळात होते.

गळती ओळखायची कशी? चांगला खाणारा कुत्रा अचानक तोंड फिरवतो. पुन्हा उलट्या. पोटाला हात लावू देत नाही, किंवा पुढचे पाय आणि छाती जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरतो. गुदद्वारातून घेतलेलं तापमान ३९.२ अंश सेल्सिअसपर्यंत कुत्र्यासाठी सामान्य असतं; ३९.५ च्या वर गेलं, किंवा उलट ३७.५ च्या खाली उतरलं आणि हिरड्या पांढुरक्या किंवा विटकरी दिसल्या, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. सकाळपर्यंत थांबण्यासारखं दुखणं नाही हे. आणि निघताना काही खायला घालू नका, पुन्हा भूल द्यावी लागण्याची शक्यता असते.

औषध आणि घास

मेट्रोनिडॅझोल हे प्रतिजैविक भयंकर कडू. ते जेवणात कुस्करलं की कुत्रा फेस काढतो आणि पुढे त्या जेवणालाच तोंड लावत नाही. गोळी कधीही मुख्य खाण्यात मिसळू नका. बारीक केलेल्या चिकनचे सुपारीएवढे तीन गोळे करा: पहिला नुसता, दुसऱ्यात गोळी, तिसरा नुसता. तिसरा समोर धरूनच दुसरा द्या. तिसऱ्याच्या नादात दुसरा चघळला जात नाही.

पॅन्टोप्राझोलसारखी आम्लाची गोळी खाण्याआधी अर्धा तास. सुक्राल्फेट दिलं असेल तर ते रिकाम्या पोटी, खाण्याच्या तासभर आधी, आणि बाकीच्या औषधांपासून दोन तास लांब. ते आतून लेप धरतं आणि इतर औषधं त्यात अडकतात. सहा खेपांच्या वेळापत्रकात हे बसवणं किचकट आहे, म्हणून डॉक्टरांसमोर बसूनच वेळा लिहून घ्या.

घरातली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा पॅरासिटामॉल कुत्र्याला देऊ नका, अर्धी नाही, पावही नाही. यातल्या पहिल्या दोन औषधांनी जठरात आणि आतड्यात व्रण पडतात, ताज्या टाक्यांच्या जवळ तर ते जीवावर बेततं.

खातच नसेल तर

आधी बघा की खायचं नाहीये की खाता येत नाहीये. वाडगं समोर आल्यावर ओठ चाटणं, लाळ गाळणं, वारंवार गिळणं आणि मान वळवणं म्हणजे मळमळ. इथे चव वाढवून उपयोग नाही. उलटीवरचं औषध लागतं. वास घेतो, जवळ येतो आणि वाकताना थांबतो, तर पोटाचा टाका ओढतोय किंवा गळ्यातला कोन आड येतोय. कोन म्हणजे तो प्लॅस्टिकचा भोंगा. वाडगं पालथ्या पातेल्यावर ठेवून दहा-पंधरा सेंटिमीटर उंच करा आणि त्याचा घेर कोनापेक्षा लहान असू द्या. नाहीतर चपट्या ताटलीत द्या. कोन काढून खाऊ घालायचं तर शेजारी बसून, आणि शेवटच्या घासाबरोबर परत चढवून. टाका चाटायला पाच मिनिटं पुरतात. कोनाच्या आतली कड ओल्या फडक्याने पुसत जा, या दिवसांत तिथे मुंग्या लागतात.

दोन्ही नसेल तर चरबी काढलेलं चिकनचं कोमट पाणी दोन चमचे वर घाला, हातावर घेऊन द्या, दहा मिनिटांत खाल्लं नाही तर उचला. दिवसभर समोर ठेवलेल्या अन्नाचा कुत्र्याला वीट येतो. सिरिंजने जबरदस्तीने भरवू नका: अर्धं फुफ्फुसात जातं, आणि एकदा धसका घेतला की त्या वासाने तो आठवडाभर पळतो. मोठा कुत्रा पूर्ण २४ तास काहीच खात नसेल तर डॉक्टरांना कळवा. पिल्लू किंवा दोन-तीन किलोचा खेळण्याएवढा कुत्रा असेल तर बारा तासही फार झाले, त्यांची साखर लवकर उतरते.

काय द्यायचं नाही

साजूक तुपाची चर्चा आधी करू, कारण प्रत्येक घरात ताकद यावी म्हणून ते सुचवलं जातं. वरच्या अख्ख्या दिवसाच्या घाण्यात १० ग्रॅम चरबी आहे. तुपाच्या एका चहाच्या चमच्यात ५. दोन चमचे घातले की दिवसभराची चरबी दुप्पट, जठर रिकामं व्हायला उशीर, मळमळ, आणि काही कुत्र्यांत स्वादुपिंडाला सूज. दुधाने जुलाब होतात. हळद-दूधही दूधच. ग्लुकोज बिस्किटं आणि ग्लुकोज पावडरमध्ये साखरेपलीकडे काही नाही, जखम भरायला प्रथिनं लागतात. बाजारच्या सूपच्या पाकिटात आणि क्यूबमध्ये कांदा-लसूण असतो, तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. हाडं नकोत, उकडलेलीही नकोत, चघळायची दुकानातली हाडंही महिनाभर नकोत.

बद्धकोष्ठ वाटलं म्हणून इसबगोल किंवा एरंडेल घालू नका. पोट रिकामं होतं, वर वेदनाशामकांनी आतडं सुस्तावलेलं असतं, त्यामुळे पहिली शी दुसऱ्या ते चौथ्या दिवशी होणं ठीक आहे. पहिली थोडी काळपट आली तर फोटो काढून पाठवा. डांबरासारखी चिकट काळी पुन्हा पुन्हा आली तर जुनं नव्हे, चालू रक्त आहे. प्रतिजैविकांमुळे मऊ होणं चालतं, पाण्यासारखी होणं नाही.

घरातला भरवणारा माणूस एकच असावा. ते शक्य नसेल तर फ्रीजवर कागद लावा: वेळ, ग्रॅम, औषध, उलटी, शी. आजीने प्रेमाने दिलेला पोळीचा तुकडासुद्धा त्यावर लिहिला गेला पाहिजे, ओरडा न खाता. नाहीतर ती लपवून देते आणि डॉक्टरांपुढे उलटीचं कारण कोणालाच सांगता येत नाही.

मांस शिजत नसलेल्या घरात

उकडलेली अंडी चालत असतील तर चिकनच्या जागी भातात कुस्करून द्या, पण पिवळ्यात चरबी असते म्हणून दोन अख्ख्या अंड्यांबरोबर तीन-चार नुसते पांढरे. तेवढ्याने प्रथिनं पुरत नाहीत. साध्या पनीरमध्ये १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर चरबी असते, त्यामुळे ते या पंधरवड्यात बाद. डाळीने आतड्यात वायू धरतो. सरळ मार्ग म्हणजे डॉक्टरांकडून मिळणारं कमी चरबीचं पोटाचं डबाबंद अन्न. रॉयल कॅनिन आणि हिल्स दोघांचंही असतं. डब्यावर किलोकॅलरी छापलेल्या असतात, वरच्या सूत्रातल्या आकड्याला त्याने भागा, हिशोब झाला. त्याच प्रकारचे कोरडे दाणे दीड ते दोनपट कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, पूर्ण कुस्करून द्यायचे. पिल्लांसाठीही घरच्या घाण्यापेक्षा हेच बरं, कारण भात-चिकनमध्ये कॅल्शियम जवळजवळ नसतं. मोठ्या कुत्र्याला आठ-दहा दिवसांनी फरक पडत नाही, वाढत्या हाडांना पडतो.

सहाव्या दिवसापासून

पाच दिवस सुरळीत गेले की खेपा पाचवरून चार, मग तीन. चिकन मिक्सरमधून न काढता बारीक तोडून चालेल. भात जरा घट्ट करा. सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान जुनं खाणं परत आणायला घ्या: एक दिवस पाव हिस्सा, दोन दिवस अर्धा, एक दिवस पाऊण, मग पूर्ण. मध्येच शी पातळ झाली तर एक पायरी मागे येऊन दोन दिवस थांबा.

इतर ऑपरेशनांना एवढी दोरी आवळावी लागत नाही. नसबंदीनंतर त्याच संध्याकाळी नेहमीच्या जेवणाचा पाव ते अर्धा हिस्सा आणि दुसऱ्या दिवशी नेहमीचं. तिथे खरं काम पुढच्या महिन्यांत असतं, कारण उष्मांकांची गरज साधारण पंचवीस ते तीस टक्क्यांनी उतरते आणि वाडगं तेवढंच राहतं. दात काढल्यावर दहा-चौदा दिवस मऊ खाणं, माप नेहमीचं. हाडाच्या ऑपरेशननंतर पिंजऱ्यात बसून वजन वाढतं, ते वाढू द्यायचं नाही. मधुमेही कुत्र्याचं इन्सुलिन आणि खाणं यांचं गणित मात्र कोणत्याही ऑपरेशनआधीच डॉक्टरांशी बोलून ठरवून घ्यावं लागतं.

टाके काढायला जाल तेव्हा दवाखान्यातल्या काट्यावर कुत्र्याला उभं करा. पहिल्या दिवसाच्या वजनापेक्षा थोडं कमी भरणं अपेक्षित आहे, कारण पंधरवडाभर त्याला फक्त पडून राहण्यापुरते उष्मांक मिळाले. फिरणं पूर्ववत झालं की नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला त्या सूत्राच्या साधारण १.६ पट लागतात: तीस किलोला १४४० च्या आसपास. तिथपर्यंत आठवडाभरात पोहोचा आणि दर पंधरा दिवसांनी वजन करून आकडा थोडा वरखाली करत राहा.